वरच्या मंडळींचा फोटो

मोस्कोयोक
२० ऑक्टोबर

प्रिय राव्दना,

परवा तुझा फोन आला होता. मामीने माझ्या कानाला लावला, पण पोरी, मला ऐकू काय आलं, तर कढईत तेल तापल्यासारखं चर्र चर्र. उभा जन्म बर्फावरच्या घरघरत्या स्कूटरवर बसून बर्फ तुडवलं, कान तिथेच कुठेतरी पडले. तेव्हा बोलायचं असेल तर लिहीत जा. तुझं अक्षर किड्यामुंग्यांसारखं असलं तरी निदान दिसतं.

बातमी अशी की तू दिलेली ती गोमाशी आता कळपात रुळली. सगळे तिला ड्रोन म्हणतात, मी गोमाशीच म्हणणार, कारण आवाज तसाच. सुरुवातीला शेजारचा आस्लात माझी टर उडवायचा, ‘‘काय रे नीलास, म्हातारपणी पतंग उडवायला लागलास?’’ आता त्याचंच तोंड बंद झालंय. गेल्या हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडला, वर कडक कवच धरलं आणि खालचं शेवाळ रेनडिअरांना उकरता येईना. पेंड घालून जगवले सगळे. तेव्हा पेंडीची गाडी ओढायच्या आधी मी गोमाशी सोडायचो, म्हणजे विखुरलेला कळप एका जागी यावा. ते त्यांच्या डोक्यात असं बसलंय की आता पेंड असो नसो, माशी गुणगुणली की झाडीतून एकामागून एक बाहेर पडतात आणि ती जाईल तिकडे मुकाट चालत येतात. माझ्या हाकेला इतकं कुणी कधी आलं नाही. तुझी मामीसुद्धा नाही.

आस्लातच्या रुन्नेला मात्र काम उरलं नाही. म्हातारा झालाय, तरी सवयीने कळपाच्या कडेकडेने फिरतो, एखादं चुकार वासरू आत ढकलतो. आस्लात म्हणतो, ‘‘तुझ्या माशीने माझ्या कुत्र्याची नोकरी खाल्ली.’’

नोव्हेंबरात ये. मामी रस्सा करेल, हाडासकट. फोटो हवे तेवढे काढ, पण एक आत्ताच सांगतो. वरची मंडळी नाचायला लागली की तुझं यंत्र पिशवीत. तू ट्रॉम्सोत पाहुण्यांना रात्रीच्या आभाळातला उत्तरप्रकाश दाखवून पोट भरतेस, खुशाल भर. इथे आपल्या डोक्यावर आपलीच गेलेली माणसं असतात. लहानपणी त्यांच्याखाली शिट्टी मारली म्हणून आईने माझ्या अशी कानाखाली वाजवली होती की विचारू नकोस. हसतेयस ना? हस. पण त्यांच्या पायाशी भुणभुण केलेली मला खपायची नाही.

तुझा,
नीलास मामा

&nbsp;

ट्रॉम्सो
११ नोव्हेंबर

प्रिय मामा,

पोचले. बसमध्ये शेजारच्या बाईने वाटभर तिच्या गुडघ्यांची कहाणी सांगितली. मामीने बांधून दिलेलं सुकं मटण तिलाही दिलं, मग ती जरा गप्प बसली.

आता एक गोष्ट. तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही म्हणून लिहिते. तू आधी बस, मग वाच.

शनिवारी संध्याकाळी ‘‘जरा पाय मोकळे करून येते’’ म्हणून मी गेले ना, ती सुओलो तळ्यावर गेले होते. माझा छोटा ड्रोन जॅकेटच्या आत होता. मामा, रागावू नकोस! आभाळ असं काही पेटलं होतं की मी दगड असते तरी उठून फोटो काढला असता. हिरवा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि खालच्या कडेला गुलाबी किनार, मामीच्या शालीला असते तशी. ओढा तळ्याला मिळतो तिथे पाणी अजून उघडं होतं आणि त्यात सगळं आभाळ उतरलं होतं. म्हणून ड्रोन बरोबर तिथेच वर नेऊन थांबवला. अंधारात फोटो काढायचा तर त्याचा डोळा काही क्षण उघडाच ठेवावा लागतो, आणि तेवढा वेळ त्याने हवेत तसूभर हलायचं नाही. वारा पडला होता. तू म्हणशील चेटूक, मी म्हणेन नशीब.

थंडीने बॅटरी भराभर उतरत होती. काखेत धरून गरम करायची आणि बदलायची. हातमोज्याने जमेना म्हणून उघड्या हाताने बदलली, तर अंगठ्याचं कातडं धातूला चिकटून निघालं. आता त्यावर पट्टी आहे, म्हणूनच अक्षर आणखी किड्यामुंग्यांचं झालंय.

पलीकडच्या काठाला रुन्ने वेड्यासारखा भुंकत होता. त्यालाही वरच्या मंडळींचं दर्शन झालं वाटतं! शेवटची बॅटरी मेली तशी मी आवरून निघाले, तरी त्याचं चालूच होतं. आस्लातकाकांना सांग, तुमचा कुत्रा अजून चांगला ठणठणीत आहे.

तू वरच्यांना माझ्या वतीने सांगून टाक की पोरीला अक्कल नाही. फोटो इतका सुंदर आलाय की इथल्या कॅलेंडरवाल्यांना पाठवणार आहे. मागाहून एक तुलाही पाठवेन. आधी शिव्या घाल, मग बघ.

तुझी,
राव्दना

&nbsp;

मोस्कोयोक
१२ नोव्हेंबर

प्रिय राव्दना,

तू बसमध्ये बसलीस आणि इकडे आभाळ कोसळलं. बरं झालं तू पाहिलं नाहीस.

रविवारी आस्लात आणि मी कळप बघायला गेलो तर झाडीत निम्मेच. मागावर निघालो. माग सरळ सुओलो तळ्यावर. ओढ्याच्या तोंडाशी बर्फ फुटलेलं, आणि पाण्यात नुसती शिंगं. वीसेक तरी गेले ग. बहुतेक माद्या, गाभण. माझ्या, आस्लातच्या, विधवा इंगाच्या. इंगाकडे मुळात होतेच किती? दोर टाकून एकेक ओढून काढला. आस्लातच्या मिशांवर बर्फ धरलं होतं आणि त्याखालून तो रडत होता. मीही.

मग मी बर्फावरचा माग बघितला. खुरांच्या मागात कुत्र्याची पावलं. इकडून तिकडे, गोल गोल, धावती. तुला ठाऊक आहे, या भागात माग वाचायचा असला की लोक मला बोलावतात. घरी येऊन बघतो तर रुन्ने आस्लातच्या पायरीवर, पोटापर्यंत भिजून गोठलेला.

सोमवारी रेनडिअर कोंडायच्या कुंपणापाशी सगळे जमले होते. मला राहवलं नाही. सगळ्यांच्या देखत म्हणालो, ‘‘आस्लात, तुझं कुत्रं बिघडलं. त्यानेच कळप तळ्यात घातला.’’ आस्लात माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘नीलास, माग तू वाचलास ना? मग तसंच असेल.’’ कळप हाकलून मारणाऱ्या कुत्र्याचं काय करायचं हे इथे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. त्याने रुन्नेला शेडच्या मागे नेलं.

मी बहिरा, पण तो बार मला ऐकू आला.

जे करायला हवं तेच झालं. पण आस्लात तेव्हापासून आमच्याकडे कॉफीला आलेला नाही.

तुझा,
नीलास मामा

&nbsp;

मोस्कोयोक
२४ नोव्हेंबर

प्रिय राव्दना,

माझ्या पत्राचं उत्तर नाही. कामात असशील.

तुझंही पत्र मला मिळालेलं नाही. पोचल्यावर तू लिहितेसच, म्हणून म्हटलं कळवावं. त्या आठवड्यात टपालाची गाडी म्हणे रस्ता सोडून ओढ्यात गेली आणि निम्मी पत्रं भिजून लगदा झाली. तुझंही त्यातच गेलं असणार. तू आपलं आभाराबिभाराचं काही लिहिलं असशील. पुन्हा लिहायची गरज नाही. मला कळलं असं समज.

थंडी वाढली आहे. मामी बरी आहे. इथे सगळं ठीक.

मामा

&nbsp;

ट्रॉम्सो
१ डिसेंबर

प्रिय मामा,

उशीर झाला, माफ कर. पाहुण्यांची गर्दी आहे.

तुझं पत्र वाचलं. इंगामावशीला माझ्याकडून सांग, मला फार वाईट वाटलं.

हो, मी लिहिलं होतं, पण त्यात विशेष काही नव्हतं. जेवण, बस, शेजारची बाई. गेलं तर गेलं. शनिवारी संध्याकाळी बाहेर पडले होते ती चर्चपर्यंत जाऊन परत आले, थंडी फार होती म्हणून फोटोबिटो काही जमले नाहीत.

रुन्नेचं ऐकून बरं वाटलं नाही. पण कुत्री म्हातारी झाली की त्यांचं डोकं फिरतं असं म्हणतात. तू माग वाचलास म्हणजे त्यात चूक कशी असेल? आस्लातकाकांनाही ते पटलंच असेल. होईल हळूहळू सगळं नीट.

नाताळला यायला जमणार नाही. ऐन हंगाम आहे. मामीला सांग, रागावू नकोस.

तुझी,
राव्दना

&nbsp;

मोस्कोयोक
१८ डिसेंबर

प्रिय राव्दना,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. मामीने विचारलं, काय म्हणते? म्हटलं, बरी आहे.

नाताळला येत नाहीस हे बरंच. इथे मजा नाही. आस्लात दुकानात दिसला की मी पिठाच्या पोत्यांमागे जातो. या वयात! परवा त्याने मला तिथे बघितलं. मी उगाच पोत्यावरची अक्षरं वाचत उभा राहिलो. तो म्हणाला, ‘‘ते डुकरांचं खाद्य आहे, नीलास,’’ आणि गेला. एरवी आम्ही दोघं यावर आठवडाभर हसलो असतो.

त्याच्या अंगणात बारकं पोरही आता फिरकत नाही. ‘कळपमाऱ्या कुत्र्याचं घर’ असं चिडवतात म्हणे. पोरंच ती, पण ऐकून माझी मान वर होत नाही.

गोमाशी मी माळ्यावर टाकली. मामी विचारते का, तर सांगितलं पंख मोडला. झोप येत नाही. डोळे मिटले की तो बर्फावरचा माग दिसतो आणि मी परत परत तोच वाचत बसतो.

तू स्वतःला जप. अंगठा बरा झाला का? अशा थंडीत उघड्या हाताने बॅटरी बदलायची नसते, इतकंही कळू नये?

मामा

&nbsp;

ट्रॉम्सो
१० जानेवारी

मामा,

माझ्या अंगठ्याचं मी फक्त एकाच पत्रात लिहिलं होतं.

ते तुला मिळालं होतं. टपालाची गाडी कुठल्याही ओढ्यात गेली नव्हती. मी इथल्या टपाल कचेरीत जाऊन विचारलं, तिथला माणूस मला हसला.

म्हणजे मी चर्चपर्यंत जाऊन आले असं लिहिलं, तेव्हा तुझ्या एका हातात ते होतं आणि दुसऱ्या हातात माझं खरं पत्र. ‘कुत्र्यांचं डोकं फिरतं’ हेही तू वाचलंस. मामा, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालंय. तू शिव्या घातल्या असत्यास, येऊन कानाखाली वाजवली असतीस, तर सोसलं असतं. तू मला पळायला दार उघडून दिलंस आणि मी खरंच पळाले. मागे वळूनही बघितलं नाही.

तुझं बारा तारखेचं पत्र वाचलं त्याच क्षणी मला कळलं होतं. ते घाबरून नाही पळाले. माझ्या ड्रोनचा आवाज आला म्हणून ते आले. पेंड मिळणार म्हणून आले. मी पाण्यातल्या रंगांकडे बघत होते आणि ते तिथे, त्या पातळ बर्फावर येऊन, बिचारे वाट बघत उभे राहिले. मी बॅटरी संपली म्हणून घरी गेले आणि ते वाट बघतच राहिले.

मी तेव्हाच लिहायला हवं होतं. रोज ठरवायचे, आज लिहीन. मग तुझं ‘पत्र मिळालं नाही’ आलं आणि मला इतकं हलकं वाटलं, की त्या हलकं वाटण्याचीच आता सगळ्यात जास्त लाज वाटते.

तो फोटो कॅलेंडरवाल्यांनी निवडला होता. मी परत मागवला. ते म्हणाले, कारण? मी काय सांगणार, कपाळ?

आता काय करू ते तू सांग.

राव्दना

&nbsp;

मोस्कोयोक
३० जानेवारी

राव्दना,

काही करायचं नाही. मी केलंय.

आधी माझं ऐक. तुझं ते खरं पत्र मला मिळालं तेव्हा मी कुंपणापाशीच उभा होतो. ‘ओढा तळ्याला मिळतो तिथे’ तू यंत्र थांबवलंस हे वाचलं. मी एकदम तळ्यावर गेलो. ताज्या बर्फाने माग कधीच झाकला होता, पण माझ्या डोळ्यांपुढे लख्ख होता. कुत्र्याची पावलं कुठे होती सांगू? पाण्याच्या बाजूला. कळपाच्या पुढे. हाकलणारं कुत्रं मागे असतं, पुढे नसतं. हे शेंबड्या पोरालाही कळतं. रुन्ने कळप आणि पाण्याच्या मध्ये धावत होता, त्यांना काठाकडे वळवत होता. म्हणून भिजला. मी माग बघितला, पण वाचला नाही. रागाच्या भरात मला कुणीतरी हवं होतं, आणि कुत्रं समोर होतं.

टपालाची थाप मी तुझ्यासाठी मारली असं समजू नकोस. थोडी तुझ्यासाठी, उरलेली माझ्यासाठी. तुझं पत्र मिळालंच नाही तर मला आस्लातला काही सांगायला नको. एवढा मोठा झालो तो हे असलं डोकं चालवायला!

गेल्या आठवड्यात मामी म्हणाली, ‘‘आस्लातच्या घराकडे न बघता खिडकीतून बघायला शिकलायस तू, मान दुखत नाही?’’ तसाच उठलो आणि गेलो. त्याला म्हणालो, ‘‘आस्लात, रुन्ने वळवत होता. मी चुकलो. त्या संध्याकाळी मीच गोमाशी उडवत होतो, तळ्यावर. तुला सांगायची हिंमत झाली नाही.’’

तुझं नाव घेतलं नाही आणि घेणार नाही. कळपाला माशीमागे यायला शिकवलं मी, शिकले ते माझ्यामुळे, आणि बोट दाखवलं तेही मी. तुझं त्यात फार थोडं उरतं.

त्याने कॉफी ओतली. पण स्वतः प्यायला नाही, माझ्याही पुढे सरकवली नाही. कॉफी गार झाली. मग तो ‘‘बरं’’ म्हणाला. मी आलो निघून.

आता तू गप्प बसायचं. ही मामाची आज्ञा समज, विनंती समज. तुझं आयुष्य अजून सगळं व्हायचंय. माझी काय, जन्मभर राखलेली अब्रू गेलीच आहे, आणखी थोडी गेली.

मामा

&nbsp;

ट्रॉम्सो
१२ फेब्रुवारी

आदरणीय आस्लातकाका,

मी नीलास मामाची भाची राव्दना. तुम्ही मला लहानपणी रुन्नेच्या आईच्या पाठीवर बसवायचात, ती मी.

मामाने तुम्हाला जे सांगितलं ते खरं नाही. त्या शनिवारी तळ्यावर ड्रोन मी उडवत होते. मामाला तेव्हा माहीतही नव्हतं. मी उत्तरप्रकाशाचा फोटो काढायला गेले होते. तुमचे रेनडिअर माझ्या ड्रोनच्या आवाजाने आले आणि बुडाले. रुन्ने भुंकत होता ते मी ऐकलं होतं. मला वाटलं, आभाळाला भुंकतोय. नंतर सगळं कळूनही मी तोंड उघडलं नाही, आणि मामाला खोटं लिहिलं. मामाने मला गप्प राहायला सांगितलंय. मी ऐकणार नाही.

सोबत तो फोटो पाठवते आहे. पाठवावा की नाही कळत नव्हतं. आधी मी तो छोट्या पडद्यावर बघितला होता आणि फक्त वरचा भाग बघितला होता. आता मोठा करून घेतला. खाली बर्फावर बघा. काळे पुसट ठिपके आहेत ते रेनडिअर. सावकाश चालत होते म्हणून ठिपक्यांसारखे उमटले. त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये एक लांब काळी रेघ दिसेल. ड्रोनचा डोळा जेवढा वेळ उघडा होता तेवढ्यात जे जोरात धावत होतं त्याची अशी रेघ होते.

तो रुन्ने आहे.

मला माफ करा असं लिहायचं होतं. तीनदा लिहून खोडलं. तुम्ही माफ करावं असं काही माझ्याजवळ नाही.

राव्दना

&nbsp;

मोस्कोयोक
२ मार्च

राव्दना,

पत्र आणि फोटो मिळाला. मला लिहायची सवय नाही, तेव्हा जसं येईल तसं.

तुझा मामा आला आणि म्हणाला मीच उडवत होतो, तेव्हाच मला कळलं तो थाप मारतोय. त्या संध्याकाळी वर काय चाललं होतं ते सगळ्या गावाने बघितलंय. अशा आभाळाखाली नीलास खोकलासुद्धा दाबून धरतो. स्कूटरची किल्ली खिशात वाजते म्हणून बाहेर काढून हातात धरतो. तो आणि यंत्र उडवणार! आणि नीलास कुणासाठी थाप मारेल? मामी तर स्कूटरही चालवत नाही. मग उरलं कोण? तेव्हापासून मी तुझ्या पत्राची वाट बघत होतो. आलं नसतं तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. तुझ्याबद्दल मनात फार वाईट येत होतं, हे सांगून टाकतो.

फोटो मी दिव्याखाली धरून बघितला. ती रेघ सापडली. मग तो उलटा करून ठेवला. भिंतीवर मी तो लावणार नाही. सुंदर आहे, म्हणूनच लावणार नाही.

आता मी एक सांगतो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. रुन्नेला शेडमागे नेताना मी दोर बांधला नव्हता. बंदूक बघितली की तो खूश व्हायचा, त्याला वाटायचं रानात निघालो. तो माझ्या पुढे पुढे चालत गेला, मधे मधे मागे वळून बघत, मी येतोय ना म्हणून. त्या क्षणी मला वाटलं होतं, हा असं करणार नाही. वाटलं होतं, राव्दना. इतकी वर्षं मी त्याच्याबरोबर राहिलो. पण सगळे बघत होते आणि माग नीलासने वाचला होता. कळपमाऱ्या कुत्र्याला पाठीशी घालतो असं कुणी म्हणू नये म्हणून मी माझ्या कुत्र्यावर विश्वास ठेवला नाही. तुझा मामा चुकला, तू लपून बसलीस. घोडा मात्र मीच दाबला. तुम्ही दोघं मधे मधे येऊन माझ्या वाटचं उचलू नका.

माफीचं मला आत्ता काही सांगता येत नाही. विचारू नकोस.

पण एक कर. मार्च संपता संपता, कळप उन्हाळी चराईला किनाऱ्याकडे निघायच्या आधी, सगळे कुंपणापाशी जमतात. रुन्नेचं नाव तिथे सगळ्यांच्या देखत गेलं. ते बंद पाकिटात परत येणार नाही. तिथेच, त्याच लोकांपुढे यायला हवं. ती पोरंही असतील. फोटो आण, मोठा. आणि तोंडाने सांग.

आस्लात

&nbsp;

ट्रॉम्सो
९ मार्च

प्रिय मामा,

तुझी आज्ञा मोडली. आस्लातकाकांना सगळं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं. तुझी थाप त्यांना पहिल्याच दिवशी कळली होती, तेव्हा ती आता परत घे.

कुंपणाच्या दिवशी मी येते आहे. फोटो दाराएवढा करून घेतलाय, बसमध्ये मावतो की नाही बघायचं. काय बोलायचं ते इथे खोलीत उभी राहून म्हणून बघते, आणि रोज ‘मी’वर अडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. इंगामावशी समोर असेल, तिच्याकडे कसं बघू? तरी बोलेन. 

तू माझ्या शेजारी येऊन उभा राहशील, मला माहीत आहे. राहू नकोस, मामा. तू आस्लातकाकांच्या शेजारी उभा राहा. ते हलून बाजूला झाले, तरी तिथेच राहा.

तुझी,
राव्दना